‘रिक्षा’तून गळालेला माणूस

मराठीत ‘रिक्षा’ हा शब्द इतका रुळला आहे की त्यातील ‘क्ष’मुळे तो संस्कृतोद्भव वाटावा. वस्तुतः तो जपानी. 1870 च्या सुमारास टोकियोच्या रस्त्यांवर माणसाने ओढायची जी दुचाकी गाडी आली, तिचे नाव ‘जिनरिकिशा’. ‘जिन’ म्हणजे माणूस, ‘रिकी’ म्हणजे बळ, ‘शा’ म्हणजे गाडी. नाव ठेवणाऱ्यांनी निदान लपवाछपवी केली नव्हती. भार कोण ओढतो हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले होते.

इंग्रजांनी शब्द उचलला आणि वापरता वापरता त्याचे पहिलेच अक्षर गाळले. बळाची गाडी उरली. बळ कोणाचे, हा प्रश्न शब्दातून हद्दपार झाला. सिमल्याच्या चढांवर साहेब-मडमांना वाहून नेणारी गाडी याच छाटलेल्या नावाने ओळखली गेली आणि आपणही ते नाव निमूटपणे स्वीकारले. भाषापंडित म्हणतील, लांब शब्द झिजतातच. झिजतात हे खरे; परंतु शहरातला सुशिक्षित गृहस्थ हात वर करून ‘ए रिक्षा!’ अशी हाक मारतो, ती वाहनाला नव्हे, चालवणाऱ्याला. हा काही उच्चाराचा आळस नव्हे. हातरिक्षा, सायकलरिक्षा, ई-रिक्षा: शब्दात हात आला, सायकल आली, वीजही आली, माणूस काही परतला नाही. आणि तो ‘हात’ तरी कितपत खरा? हातरिक्षेत धाव पायांची असते आणि धाप छातीची.

शब्दातून गळालेला हा माणूस कायद्यात मात्र अधूनमधून दिसतो. पंजाबने 1975 साली कायदा करून, जो स्वतः सायकलरिक्षा चालवतो त्यालाच परवाना, असे ठरविले. भाड्याची रिक्षा चालवून मालकाची भर करणाऱ्यांची रोजी त्यामुळे धोक्यात आली. तेव्हा 1980 साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यांना बँकेच्या कर्जातून मालक करण्याची योजना आखून दिली. केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही, साधनाची मालकी श्रमिकाकडे गेली पाहिजे, हे त्या निकालाचे मर्म. पश्चिम बंगालमधील डाव्या सरकारने 2006 साली हातरिक्षाबंदीचे विधेयक संमत करून घेतले, तेव्हा याच मर्माचा विसर पडला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या दारातले उदाहरण. माथेरानच्या लाल मातीत माणसाला माणूस ओढत होता. ही अमानुष प्रथा सहा महिन्यांत थांबवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला. निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्याच आदेशात पुनर्वसनासाठी गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा खऱ्या रिक्षाचालकांना भाड्याने देण्याची योजना सुचविली आहे. भाड्याने! पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्याला मालक करावयाचे ठरले होते, तो आता भाडेकरू व्हावयाचा. भाडे किती, ते कोण ठरवणार, किती वर्षे भरल्यावर गाडी त्याच्या नावावर होणार, हे प्रश्न साथींनी शासनाला विचारले पाहिजेत आणि उत्तर लेखी मागितले पाहिजे.