हिवताप परततो तो विस्मृतीच्या वाटेने

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना एक दृश्य आठवत असेल. घराच्या दाराजवळ भिंतीवर रंगाने आखलेली एक चौकट आणि तिच्यात ओळीने लिहिलेल्या तारखा. दर पंधरवड्याला खांद्याला पिशवी अडकवलेला एक आरोग्य कर्मचारी दारात उभा राही. ''घरात कुणाला ताप?'' एवढेच विचारी. ताप असलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई, क्लोरोक्विनच्या गोळ्या देई, चौकटीत तारीख घालून पुढच्या घराकडे वळे. आम्ही मुले त्याला 'मलेरियावाला' म्हणत असू आणि सुईच्या भीतीने माजघरात दडून बसत असू. शाळेच्या भिंतीवर गेरूने रंगवलेले 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे वाक्य तर कित्येकांनी पाठ्यपुस्तकाच्या आधी वाचले असेल.

त्या माणसाचा तो एक प्रश्न आणि भिंतीवरची ती ओळ यांचे महत्त्व तेव्हा कळले नव्हते. औषध, फवारणी आणि प्रयोगशाळा यांच्याइतकेच ते हिवतापविरोधी लढ्याचे शस्त्र होते. समाजाशी सातत्याने बोलत राहणे आणि सत्तेवर असलेल्यांना या रोगाचा विसर पडू न देणे, ही दोन कामे जिथे थांबली तिथे हिवताप परत आला. जगाचा गेल्या सत्तर वर्षांचा अनुभव हेच सांगतो. आज त्या अनुभवाची उजळणी करण्याची वेळ आली आहे.

यशानंतरची झोप

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व आठ लाख माणसे त्याने दगावत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचेच रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. १९६५च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखावर आली. हा पराक्रम सामान्य नव्हता. पण अवघ्या अकरा वर्षांत, १९७६ साली, हीच संख्या साठ लाखांच्या पुढे गेली. डीडीटीला न जुमानणारे डास, औषधांना दाद न देणारे जंतू, पैशाची चणचण अशी अनेक कारणे त्यामागे होती. मात्र या सर्वांच्या तळाशी एक समजूत होती, की हा प्रश्न आता संपला.

शेजारच्या श्रीलंकेची कथा याहून बोलकी आहे. १९६३ साली तेथे वर्षभरात हिवतापाचे अवघे १७ रुग्ण आढळले. पुढच्याच वर्षी फवारणी थांबवण्यात आली. १९६८-६९मध्ये त्या छोट्या बेटावर पाच लाखांहून अधिक लोक हिवतापाने फणफणले. तेथून सावरून, मधल्या यादवी युद्धाच्या काळातही काम चालू ठेवून, २०१६ साली श्रीलंकेने जागतिक आरोग्य संघटनेकडून हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले. आणि प्रमाणपत्र मिळाल्यावरही त्या देशाने आपली हिवतापविरोधी यंत्रणा मोडीत काढली नाही. एकदा पोळलेला देश दुसऱ्यांदा झोपला नाही.

ही दोनच उदाहरणे नव्हेत. १९३० नंतर हिवताप जेथे जेथे उलटला, अशा ६१ देशांतील ७५ घटनांचा आढावा २०१२ साली संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६८ घटनांमागे नियंत्रण कार्यक्रम ढिला पडणे हे एक कारण होते, आणि ढिलाईचे सर्वांत मोठे कारण होते आटलेला पैसा. पैसा का आटतो? रोग दिसेनासा झाला की त्याविषयी बोलणारा माणूस उरत नाही, आणि ज्याविषयी कोणी बोलत नाही त्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही. इंग्रजीत ज्याला 'ॲडव्होकसी' म्हणतात, म्हणजे निर्णय घेणाऱ्यांकडे एखाद्या प्रश्नाचा सतत पाठपुरावा करणे, त्याची गरज येथे निर्माण होते.

दात्यांची भाषा

हे भान जगाला १९९८ साली आले. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि जागतिक बँक यांनी मिळून 'रोल बॅक मलेरिया' ही आघाडी उभी केली. २५ एप्रिल २००० रोजी नायजेरियातील अबुजा येथे आफ्रिकेच्या राष्ट्रनेत्यांनी हिवतापाचे बळी दहा वर्षांत निम्म्यावर आणण्याचा संकल्प सोडला. मच्छरदाण्यांवरील कर व जकात हटवावी, असेही तेथे ठरले. तोच दिवस पुढे जागतिक हिवताप दिन झाला. २००२ साली ग्लोबल फंड स्थापन झाला, तर २००५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी स्वतंत्र योजना जाहीर केली.

या सरकारी हालचालींना जनमताचे पाठबळ मिळाले ते प्रसारमाध्यमांतून. २००६ साली अमेरिकेतील एका क्रीडा साप्ताहिकाचे स्तंभलेखक रिक रायली यांनी आपल्या वाचकांना आवाहन केले : दहा डॉलर द्या, आफ्रिकेतील एका मुलाला मच्छरदाणी मिळेल. त्या एका लेखातून 'नथिंग बट नेट्स' ही मोहीम जन्मली. २००९ साली चित्रपट अभिनेता ॲश्टन कुचर याने ट्विटरवर दहा लाख अनुयायी मिळवण्याची पैज सीएनएन या वृत्तवाहिनीशी लावली आणि त्यानिमित्त दहा हजार मच्छरदाण्या देण्याचे वचन दिले. २०१९मध्ये फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम एका चित्रफितीत नऊ भाषांतून बोलताना दिसला. त्यात हिंदीही होती. चेहरा त्याचा होता. हिवताप भोगलेल्या आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या माणसांचे आवाज संगणकाच्या करामतीने त्याच्या ओठांवर बसवले होते.

या प्रकाराला नाके मुरडणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. एक वस्तू, एक किंमत, एक कृती एवढ्या सोप्या शब्दांत दूरच्या माणसाच्या मनाला हात घालणे हे कौशल्याचे काम आहे. त्याचे फळही दिसले. २००० साली जगात सुमारे साडेआठ लाखांहून अधिक माणसे हिवतापाने मरत होती. २०१९पर्यंत हा आकडा पावणेसहा लाखांच्या घरात आला. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे जे ६६ कोटी आजार टळले, त्यांतील दोनतृतीयांश श्रेय एकट्या मच्छरदाणीला जाते, असा शास्त्रज्ञांचा अभ्यास आहे. ज्यांनी त्या दाण्यांसाठी पैसा उभा केला, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण या यशाच्या पोटात एक दुबळेपणाही होता. ही सारी भाषा दात्याची होती. आफ्रिकेतील आई तिच्यात केवळ विषय म्हणून होती, वक्ता म्हणून नव्हती. तिच्या मुलाचे जगणे दूरच्या श्रीमंत देशातील लोकांच्या कनवाळूपणावर अवलंबून राहिले. कनवाळूपणा ही चंचल गोष्ट आहे. २०२३ साली हिवतापविरोधी कामासाठी जगाला ८.३ अब्ज डॉलर हवे होते. मिळाले ४ अब्ज. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने आपली परदेशी मदत गोठवली आणि जुलैमध्ये मदत वाटणारी संस्थाच बंद झाली. चालू असलेली कामे अनेक देशांत अडखळली. त्याच वर्षाअखेर ग्लोबल फंडाने १८ अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठेवले होते. हाती आली ती सुमारे ११ अब्जांची आश्वासने. जो समाज आपल्या मुलांच्या आरोग्यासाठी दुसऱ्याच्या निवडणुकीकडे डोळे लावून बसतो, त्याची अशी कोंडी कधी ना कधी होतेच.

आईची भाषा

दुसरी उणीव अधिक खोल आहे. पैसा मिळाला, दाणी आली, म्हणून ती टांगली जातेच असे नाही.

टांझानियाच्या किनारपट्टीवरील उदाहरण पाहा. तेथील स्वाहिली भाषेत साध्या हिवतापाला एक शब्द आहे आणि लहान मुलाला तापात येणाऱ्या झटक्यांना दुसरा. या झटक्यांना 'देगेदेगे' म्हणतात. पक्ष्याचे रूप घेतलेल्या एखाद्या अदृश्य शक्तीची सावली मुलावर पडली की देगेदेगे होते, अशी तेथे पूर्वापार समजूत. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे झटके अनेकदा हिवतापाचेच घातक रूप असते. आता कल्पना करा, गावात फलक लागला : 'मलेरिया झाल्यास त्वरित दवाखान्यात या.' आईने तो वाचला, तिला तो पटलाही. पण मुलाला झटके आले तेव्हा ती आधी मांत्रिकाकडे गेली. तिच्या लेखी हा मलेरिया नव्हताच! फलकात चूक नव्हती आणि आईच्या मायेतही कसूर नव्हती. दोघांचे शब्द वेगळे होते, आणि शब्दांमधल्या त्या अंतरात मूल गेले. ज्यांनी तेथे राहून, लोकांचे ऐकून हे अंतर ओळखले, त्यांनी शिकवलेला धडा शेकडो भित्तिपत्रकांहून मोलाचा आहे.

आफ्रिकेतील काही सरोवरांच्या काठी फुकट मिळालेल्या मच्छरदाण्या मासे धरायला वापरल्या गेल्या, तेव्हा त्या लोकांच्या अडाणीपणाची चर्चा झाली. ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याने हातात आलेल्या जाळीचा तसा उपयोग करावा यात अडाणीपणा कसला? त्याला उपदेशाआधी कोणी प्रश्न विचारला नव्हता. आमच्या दारातला तो मलेरियावाला मात्र प्रश्नानेच सुरुवात करीत असे.

सुदैवाने आफ्रिकेतच याचे उत्तरही घडते आहे. सेनेगल, कॅमेरूनसारख्या देशांत तेथल्याच लोकप्रिय कलावंतांनी रात्री नऊच्या सुमारास रेडिओ-दूरदर्शनवरून विचारायला सुरुवात केली, नऊ वाजले, आज आपण आणि आपली मुले मच्छरदाणीत झोपणार ना? सल्ला ओळखीच्या आवाजात आणि नेमक्या झोपेच्या वेळी. सेनेगलमध्येच २०१४ साली 'शून्य मलेरिया, सुरुवात माझ्यापासून' ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०१८मध्ये आफ्रिकी संघाने ती खंडभर स्वीकारली. 'तुम्ही द्या' येथून 'मी करीन' येथवरचा हा प्रवास आहे. आपल्या ओडिशानेही २०१० साली गर्भवती माता आणि वनवासी वसतिगृहांतील मुलांसाठी मच्छरदाण्यांची योजना आणली, तेव्हा तिला नाव दिले 'मो मशारी', म्हणजे 'माझी मच्छरदाणी'. सरकारी वस्तूला 'माझी' म्हणायला लावणे हे लोकशिक्षणातले अर्धे यश. पुढे २०१७पासून त्याच राज्याने दुर्गम पाड्यांवर जाऊन घरटी तपासणी केली, आशा कार्यकर्त्यांच्या हाती तपासणीचा संच आणि औषध दिले. वर्षभरात रुग्णसंख्या ऐंशी टक्क्यांहून अधिक घसरली.

लस आली, काम वाढले

आता या लढ्यात आपल्या पुण्याचेही नाव आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आर-२१ ही हिवतापाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३मध्ये तिची शिफारस केली आणि जुलै २०२४पासून आफ्रिकेतील बालकांना ती मिळू लागली. एका मात्रेची किंमत दोन ते चार डॉलर. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

परंतु ही लस चार मात्रांची आहे. पहिल्या तीन महिन्यामहिन्याच्या अंतराने, चौथी पुष्कळ महिन्यांनी. त्या वेळी मूल धडधाकट खेळत असते. पेरणी सोडून, दहा मैल चालून, निरोगी मुलाला पुन्हा सुई टोचून घ्यायला आईने का यावे? शिवाय लस घेतली तरी मच्छरदाणी सोडायची नाही, हेही तिला पटवायचे आहे. पुण्यातल्या कारखान्यातून बाहेर पडलेली कुपी त्या मुलाच्या दंडापर्यंत पोहोचते ती त्या आईच्या विश्वासातून. तो विश्वास तिच्या भाषेत बोलणारा, तिच्या गावचाच माणूस मिळवू शकतो.

आपल्या अंगणात

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतातील हिवतापाचे रुग्ण २०१७मधील ६४ लाखांवरून २०२३मध्ये २० लाखांवर आले, आणि २०२४ साली सर्वाधिक भार असलेल्या देशांच्या गटातून भारत बाहेर पडला. २०३०पर्यंत हिवताप देशातून हद्दपार करण्याचे आपले लक्ष्य आहे. म्हणजे १९६५ साली आपण जेथे उभे होतो, त्याच वळणावर पुन्हा आलो आहोत. आकडा लहान होत जाईल तसतशी ती बातमी आतल्या पानावर जाईल, मग चार ओळींची होईल, मग जाहिरात आली की उडेल. हे मी अनुभवाने सांगतो. पावसाळ्यातील हिवतापाच्या अशा किती बातम्या मी स्वतः रात्रपाळीत जागेअभावी काढून टाकल्या, त्याचा हिशेब आज लागणार नाही.

राज्यातील हिवतापाचा मोठा भार गडचिरोली वाहते. तेथल्या भिंतीवरचा मराठी फलक माडिया बोलणाऱ्या आईशी खरोखर बोलतो का? पिकाच्या राखणीसाठी रात्री मचाणावर झोपणाऱ्याला, घरात टांगलेल्या दाणीचा उपयोग काय? मुंबई-पुण्यात आपल्याच सदनिकेच्या बांधकामावर साचलेल्या पाण्याशेजारी झोपणाऱ्या परप्रांतीय मजुराला त्याच्या बोलीत कोणी काही सांगितले आहे का? हे प्रश्न विचारायला परदेशी निधी लागत नाही. आठवड्यातून एकदा घरातील व सोसायटीतील पाण्याची भांडी कोरडी करायला लागत नाही. आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला 'तापाचे किती रक्तनमुने तपासले?' असे दर पावसाळ्यात विचारायलाही लागत नाही. सेवाकार्यासाठी वनवासी भागात जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी औषधाच्या पेटीबरोबर तेथल्या बोलीतले दहा शब्द नेले, तर पेटीतले औषध अधिक कामास येईल.

जुन्या घरांच्या भिंतींना नवे रंग लागले आणि तारखांच्या त्या चौकटी बुजून गेल्या. पण ''घरात कुणाला ताप?'' हा प्रश्न अजून बुजवून चालणार नाही. शेवटचा रुग्ण बरा होईपर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षे, तो कोणीतरी दारोदार विचारत राहिला पाहिजे.