डिस्कोन अँटेना : खर्च करण्यापूर्वी आणि बसवताना

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ता नव्हता. मदत पथके भर पावसात, अंधारात डोंगर चढून गेली. चार दिवसांनी शोधकार्य थांबले, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसांचा पत्ता लागला नव्हता. त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या घरांतून एक प्रश्न निघतो : वीज गेली, मोबाइल मुका झाला, तर बाहेरची वार्ता कळायची कशी आणि आपली कळवायची कशी? या प्रश्नाचे उत्तर म्हणून घरातील एखादा तरुण रेडिओ स्कॅनर आणि त्यासाठी गच्चीवर डिस्कोन अँटेना घेऊ इच्छितो. मागणी ऐकून वडीलधारे बुचकळ्यात पडतात. नाही म्हणावे तर मुलाची जिज्ञासा मारल्यासारखे होते. हो म्हणावे तर आपण नेमके कशाला संमती देत आहोत हेच ठाऊक नसते.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की रकमेच्या आधी प्रयोजन पाहतात आणि त्यानंतर कागदपत्रे. येथेही तोच क्रम धरावा.

प्रथम कागदपत्रे. घरच्या रेडिओचा परवाना पोस्टात जाऊन दरसाल नव्याने करून घेतल्याचे साठी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. प्रसारण ऐकण्याच्या रेडिओपुरती ती अट ऐंशीच्या दशकात सुटली. इतर बिनतारी यंत्रांपुरती सुटली नाही. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने असे यंत्र परवान्यावाचून नुसते जवळ बाळगण्यासही मनाई केली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरण बाळगण्यास अधिकृत परवानगी हवी, हे तत्त्व कायम ठेवले. शिवाय दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच ऐकणाऱ्यास या नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पोलिसांचे किंवा विमानांचे बोलणे ऐकण्याची हौस कोणत्या दारी नेऊ शकते, हे यावरून समजावे. व्यापारी घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वॉकीटॉकी आणि तत्सम उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. संकेतस्थळावर वस्तू विकत मिळते म्हणून ती घेणे, किंवा दुकानात ठेवून विकणे, आपोआप कायदेशीर ठरत नाही.

यातून सरळ वाट एकच निघते : हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा परवाना. दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेच्या अखत्यारीत त्याची परीक्षा होते. बारा वर्षे पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी तिला बसू शकते. प्राथमिक विद्युत व रेडिओशास्त्र आणि नियम एवढाच अभ्यास असतो. प्रारंभिक श्रेणीसाठी मोर्स लिपीचीही अट नाही. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला हा अभ्यास झेपण्यासारखा आहे. एकदा परवाना आणि स्वतःची संकेतखूण हाती आली, की पुढचा खर्च हिशेबात बसतो.

आता वस्तूकडे वळू. डिस्कोन म्हणजे चकती आणि शंकू. वर आडवी चकती, तिच्याखाली किंचित फट सोडून टोक वर केलेला शंकू, अशी ही रचना. केबलची मधली तार चकतीला जोडतात आणि बाहेरची जाळी शंकूला. पत्र्याऐवजी बहुधा आठ आडव्या आणि आठ तिरक्या सळया वापरतात, म्हणजे वारा अडत नाही. आर्मिग कँडोयन या अभियंत्याला १९४५ मध्ये अमेरिकेत या रचनेचे पेटंट मिळाले. साधा अँटेना एका ठरावीक वारंवारतेला चांगला ऐकतो. डिस्कोन आपल्या तळाच्या वारंवारतेपासून सुमारे दहा पटींपर्यंत सारख्याच गुणाने ऐकतो, तोही क्षितिजाच्या सर्व बाजूंनी. एका अँटेनावर अनेक पट्टे चाळणाऱ्या स्कॅनरशी त्याची जोडी जमते ती यामुळेच.

तिरक्या सळईची लांबी तळाच्या वारंवारतेवरून ठरते. ७५ ला मेगाहर्ट्झने भागले की लांबी मीटरमध्ये मिळते. १०० मेगाहर्ट्झसाठी ती ७५ सेंटीमीटर येते. आपल्याकडील हौशी पट्ट्यासाठी, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसाठी, सुमारे ५२ सेंटीमीटर. चकतीचा व्यास या लांबीच्या सुमारे सात दशांश धरतात. दुसरा हौशी पट्टा, ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झचा, त्याच अँटेनात आपोआप सामावतो.

हा छोटा भागाकार ग्राहकाचे मोठे शस्त्र आहे. खोक्यावर ‘२५ ते १३०० मेगाहर्ट्झ’ असे छापलेले असते. २५ मेगाहर्ट्झला सळई ३ मीटरची हवी, आणि खोक्यातून निघते ती मीटरभराचीही नसते. म्हणजे डिस्कोन म्हणून तिचे खरे काम साधारण ८५-९० मेगाहर्ट्झच्या पुढे सुरू होते. त्याखाली तो केवळ गच्चीवरचा धातूचा तुकडा असतो. काही ऐकू येईल, पण त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. खरेदीला जाताना मोजपट्टी न्यावी.

दुसरी मर्यादाही विकणारा सहसा सांगत नाही. डिस्कोन ऐकतो सर्वांचे, पण वाढवून देत नाही कोणाचेच. जवळचे एफएम केंद्र किंवा मोबाइल मनोरा जोरात असेल, तर तोही तितक्याच उदारपणे आत येतो आणि स्कॅनरला बधिर करतो. अशा वेळी एफएम पट्टा अडवणारा छोटा फिल्टर केबलमध्ये घालावा. ज्याला एकाच दिशेच्या एकाच केंद्राशी संपर्क हवा, त्याने यागी घ्यावा. एकच पट्टा पुरे असेल, तर त्या पट्ट्याचा साधा उभा अँटेना स्वस्त आणि सरस ठरतो. डिस्कोन घ्यावा तो अनेक पट्टे हवे असतील तरच.

जागेचा विचार या दोन तालुक्यांत विशेष करावा लागतो. या लहरी बहुतांशी नजरेच्या सरळ रेषेत चालतात. अँटेनाच्या उंचीचे मीटरमधील वर्गमूळ काढून त्याला सुमारे ४ ने गुणले, की सपाट मुलखातील पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. १० मीटर उंचीवर तो सुमारे १३ किलोमीटर येतो आणि २० मीटरवर सुमारे १८. उंची दुप्पट केली तरी पल्ला दुपटीने वाढत नाही. त्यातही हा मुलूख सपाट नाही. कर्जतच्या पश्चिमेला सुमारे ८०० मीटर उंचीची माथेरानची भिंत आणि पूर्वेला सह्याद्रीची धार. खोपोली तर बोरघाटाच्या कुशीतच. दरीतल्या घरावर खांब आणखी चार मीटर वाढवून डोंगर आडवा येण्याचे थांबत नाही. म्हणून आधी हातातला साधा अँटेना घेऊन गच्चीचे चारही कोपरे फिरून पाहावेत. कधी पाच पावले सरकल्याने जे साधते, ते पाच हजार रुपयांनी साधत नाही. खोपोलीत १९१५ पासून टाटांचे जलविद्युत केंद्र आहे. उच्चदाबाच्या तारा आणि विद्युत रेल्वेमार्ग यांची खरखरही या भागात ध्यानात घ्यावी लागते. खांब कोसळला तरी तो कोणत्याही विजेच्या तारेला स्पर्श करू शकणार नाही, इतके अंतर राखणे ही अट मात्र सर्वांत वरची.

अँटेनाची मिळकत गळते ती केबलमधून. बारीक आरजी-५८ केबलच्या २० मीटर लांबीत ४३५ मेगाहर्ट्झला पाऊण भागाहून अधिक शक्ती वाटेतच संपते. डिश टीव्हीला वापरतात त्या आरजी-६ मध्ये सुमारे निम्मी उरते. जाड एलएमआर-४०० मध्ये दोन तृतीयांश. केवळ ऐकायचे असेल तर आरजी-६ चालते. ती ७५ ओहमची आणि डिस्कोन ५० ओहमचा असला, तरी त्या फरकाचे नुकसान नगण्य असते. पुढे बोलायचेही असेल तर ५० ओहमचीच चांगली केबल घ्यावी आणि अँटेना प्रक्षेपणाची शक्ती सोसणारा आहे ना, हे पाहून घ्यावे.

वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भागात अँटेना बिघडण्यापूर्वी त्याचा जोड बिघडतो. सळया स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात, जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळावी आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. खांबाला तिन्ही बाजूंनी ताणतारा हव्यात. खांबाला जमिनीत स्वतंत्र अर्थिंग करून ते घराच्या अर्थिंगशी जोडावे आणि केबलच्या प्रवेशाशी वीजरोधक बसवावा. तरीही वळवाचे ढग दाटले की केबल काढून ठेवणे हाच सर्वांत भरवशाचा उपाय. कारण कोसळणाऱ्या विजेपुढे कोणतेही उपकरण हमी देत नाही. हे काम जाणत्या वीजतंत्र्याकडून, सोसायटीची लेखी संमती घेऊन आणि मे महिन्यापूर्वी उरकावे.

आता प्रयोजन. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या परवानाधारक हौशी रेडिओचालक आपल्या पथकासह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. अंदमानचे इतर मार्ग तुटले असताना त्यांच्या यंत्रांवरून मुख्य भूमीला निरोप गेले. त्यांच्याजवळ केवळ स्कॅनर असता, तर त्या इतरांचे हाल ऐकत बसल्या असत्या. ऐकणारा अँटेना सावध करतो; उत्तर देता येते ते परवान्यामुळे आणि सरावामुळे.

म्हणून मुलाची मागणी नाकारू नये. तिचा क्रम बदलावा. आधी परीक्षा, मग जागेची पारख, मग केबल आणि अर्थिंग, मग मोजून घेतलेला अँटेना आणि सर्वांत शेवटी यंत्र. दुकानदार हीच यादी उलट क्रमाने वाचून दाखवतो. या क्रमाने चालणाऱ्या मुलाचे सहा महिने अभ्यासात जातील. पण पुढच्या एखाद्या पावसाळी रात्री दरीतल्या वाडीचा निरोप तहसील कचेरीपर्यंत पोहोचवू शकणारे एक माणूस त्या घरात तयार असेल.