‘उचलून नेऊ की!’

कृषी पर्यटन केंद्रावर फोन करून ‘व्हीलचेअरवरच्या माणसाची सोय होईल का?’ असं विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं. ‘काळजी करू नका, आमची पोरं आहेत. उचलून नेऊ की!’ बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. असती तर खंडन सोपं गेलं असतं.

तर उचलून नेलं. पडवीत बसवलं, गरम भाकरी वाढली, तिथवर सगळं झकास. पण रात्री दोन वाजता लघवीला जायचं झालं, की? पोरं झोपलेली, मुलाला उठवायचा संकोच, आणि न्हाणीघर अंगणाच्या पलीकडे. मग हा पाहुणा संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. गुडघे गेलेल्या आज्याही हेच करतात. ‘मला नाही बाई तहान’ म्हणतात, आणि घरची माणसं खुशाल विश्वास ठेवतात. उचलून नेण्यात मान आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक दिवस परक्या माणसांच्या हातांवरून संडासापर्यंत जाऊन पाहावं.

दुसरा आक्षेप जरा सुशिक्षित आहे. ‘सगळीकडे रॅम्प आणि कठडे केले तर त्याचं रिसॉर्ट होईल, गावपण उरणार नाही.’ हे गावपण मोठं सोयीस्कर आहे. शहरी पाहुण्याला उकिडवं बसवत नाही म्हणून कमोड आला, उकडतं म्हणून एसी आला, पोरांसाठी रेन डान्स आला. तेव्हा ते गप्प होतं. तीन पायऱ्या काढा म्हटलं, की जागं होतं. आणि जुन्या गावाची साक्ष काढायचीच तर पुरी काढावी. कोकणातल्या पाखाड्या आणि देशावरचे उंच जोत्यांचे वाडे अवघड आहेत, हे खरंच. पण चोपून सारवलेलं खळं बघा. पावसाळा सोडला तर सपाट, घट्ट, न घसरणारं. व्हीलचेअर त्यावरून सहज जाते. ती रुतते शोभेसाठी पसरलेल्या खडीत, आणि म्हातारं माणूस घसरतं चकचकीत टाइल्सवर. या दोन्ही गोष्टी काही आजोबांनी करून ठेवलेल्या नाहीत. जुन्या वाड्याचा उंबरठा उखडा, असं कुणीच म्हणत नाही. प्रश्न पर्यटकांसाठी नव्याने बांधलेल्या खोल्यांचा आहे. त्यांना तरी दीड फूट जोतं आणि अरुंद दारं कशाला?

खर्चाच्या बाबतीत शेतकऱ्याची बाजू खरी आहे, ती थट्टेवारी नेऊ नये. उताराचं सर्वमान्य प्रमाण एकास बारा. म्हणजे दीड फूट चढायला अठरा फूट लांब उतार. छोट्या अंगणात एवढी जागाच नसते. म्हणून तर हिशेब पाया खणण्याआधी करायचा. जोतं सहा इंचांचं असेल तर उतार सहा फुटांत भागतो. पाणी शिरायची भीती असेल तिथे खोलीचं दार चढाच्या बाजूला काढावं, मागून चर खणून पाणी वळवावं. वाट आपोआप जोत्याच्या पातळीला येते. न्हाणीघराचं दार अडीच फुटांऐवजी तीन फूट आणि बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला, तर दारच उघडत नाही. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा. खोलीपासून गोठ्यापर्यंत मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवलेली वाट. बांधतानाच केलं तर वरखर्च थोडका. नंतर भिंत फोडायला गवंडी आणला, की खरा भुर्दंड.

‘पण असे पाहुणे येतात तरी किती?’ फोनवरचं उत्तर ऐकून जे आलेच नाहीत, त्यांची नोंद कुठल्या वहीत सापडणार? शिवाय आजी येणार नसेल तर सगळं घरच बेत रद्द करतं, हा हिशेब कुणी धरत नाही.

या आक्षेपात आणखी एक गृहीत दडलेलं आहे: अपंगत्व ही शहरातून येणाऱ्या पाहुण्यांची भानगड. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांतले सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागातले होते. मळणीयंत्रात हात गेलेला, झाडावरून पडून कंबर मोडलेला माणूस गावातच असतो. बरेचदा त्याच घरात असतो. पाहुण्यांसाठी केलेला दांडा मालकाच्या आईलाही धरता येतो. माझ्या मते सुगम शेतघराच्या बाजूने हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. गंमत म्हणजे तो मांडताना पाहुण्याचं नावही घ्यावं लागत नाही.

पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये कृषी पर्यटनाला संस्थेचं रूप दिलं, २०२०मध्ये राज्य सरकारचं धोरणही आलं. शहरातल्या पोरांना माती दाखवायची, हा त्यामागचा एक हेतू. ती दाखवायला सगळ्यात लायक माणूस म्हणजे मोट हाकलेला आजोबा, आणि तोच पायऱ्यांपाशी अडतो! शेत तर कुणालाच परतवत नाही. ज्याला दिसत नाही त्याला हुरड्याचं गरम कणीस हातावर चोळता येतं. चरवी रिकामी असताना धारेचा आवाज वेगळा, भरत आली की वेगळा. दूध किती निघालं ते कानाने कळतं. आगटीभोवती सतरंजीच्या जोडीला दोन बाजा टाकल्या, की मांडी न घालता येणारेही रिंगणात येतात.

कुटुंबस्नेही म्हणजे झोपाळा आणि घसरगुंडी, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी आपलं शेततळं बघून यावं. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात पडलेल्याला, पोहता येत असलं तरी, निसरड्या काठावरून वर येता येत नाही. चहूबाजूंनी कुंपण आणि आत सोडलेले गाठींचे दोर, ही पहिली कुटुंबस्नेही सोय, घसरगुंडी मागाहून.

पर्यटन विभागाने नोंदणी करताना निदान तीन गोष्टी लिहून घ्याव्यात आणि केंद्रांनी त्या जाहिरातीत छापाव्यात: पायऱ्या किती, न्हाणीघराचं दार किती रुंद, गाडी खोलीपासून किती अंतरावर थांबते. सोय नसेल तर ‘नाही’ असं स्वच्छ छापावं. चुलीवरच्या जेवणाचा फोटो त्याच्या खाली टाकला तरी चालेल.