प्रमाणभाषा, भाषाभेद आणि लाल शाई

इंग्रजीच्या अध्यापनात ‘कोणती इंग्रजी प्रमाण मानावी?’ हा प्रश्न रँडॉल्फ क्वर्क आणि ब्रज काचरू यांच्या १९९०-९१ मधील वादाने ऐरणीवर आणला. अध्यापनाला एका प्रमाण रूपाचा आधार हवा. तो नाकारल्यास विद्यार्थ्याचेच नुकसान होते, असा क्वर्क यांचा आग्रह होता. भारतासारख्या बहुभाषिक देशात इंग्रजी स्थानिक गरजांनुसार घडते आणि तिचे संकेतही तेथेच सिद्ध होतात, ही काचरू यांची भूमिका. पुढे इंग्रजीचे प्रमाण रूपही स्थिर राहिले नाही. ‘प्रीपोन’ हा भारतीय वापरातला शब्द ऑक्सफर्ड कोशात गेला; एका व्यक्तीसाठी ‘दे’ हे सर्वनाम वापरण्यास अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनसंहितेने २०१९ मध्ये मान्यता दिली.

मराठीच्या अध्यापकाने या वादाकडे परक्याचा प्रश्न म्हणून पाहू नये. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य आपण वाङ्मयाच्या तासाला उलगडून दाखवतो. त्याच वऱ्हाडातील विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ‘तो काम करून राहिला आहे’ असे लिहिले की मात्र ‘अशुद्ध’ असा शेरा मारतो. वस्तुतः चालू क्रिया दर्शविण्याची ती त्या बोलीतील नियमबद्ध रचना आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे आणि १९७२ मध्ये भर पडलेले नियम लेखनाचे आहेत. बोलीच्या व्याकरणाला अशुद्ध ठरविण्याचा अधिकार ते देत नाहीत.

याचा अर्थ प्रमाणभाषा शिकवू नये, असा नव्हे. स्पर्धा परीक्षा, शासनव्यवहार आणि शोधनिबंध यांसाठी ती अपरिहार्य आहे. ती न देणे हा बहुजन विद्यार्थ्यावर अन्यायच ठरेल. एवढ्यापुरते क्वर्क यांचे म्हणणे स्वीकारावे लागते. परंतु चूक आणि भेद यांत अंतर आहे. ‘पाणि’ ही लेखनातील चूक; ‘करून राहिला’ हा भाषाभेद. पहिली दुरुस्त करावी, दुसऱ्याचे प्रमाण रूप शेजारी लिहून प्रसंगानुरूप निवड शिकवावी. दोन्हींवर एकच लाल रेघ ओढली, तर विद्यार्थी शुद्धलेखन शिकत नाही. आपल्या आईची भाषा चुकीची आहे, एवढेच शिकतो. आणि ज्याला हे शिकविले गेले, तो पुढे वर्गात तोंड उघडत नाही.