गृहव्यवस्था : वाढत्या पिलाची पेटी

कुत्र्याचें पिलूं आणण्याचा हट्ट मुलें धरतात, संमति आजोबा देतात आणि फरशी पुसण्याचें काम घरांतील स्त्रियांच्या वांट्यास येतें, हा क्रम आमच्या वाचकांस अपरिचित नसावा. म्हणूनच पिलाच्या निवाऱ्याचा प्रश्न आम्ही या सदराच्या कक्षेंतील समजतों. अंगणांत कुत्रें बांधण्याची जुनी चाल मुंबईच्या उपनगरांत आतां चालण्यासारखी राहिली नाहीं. एक तर अंगणेंच उरलीं नाहींत. आणि बोरिवली-मुलुंडच्या ज्या वसाहती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेस आहेत, तेथें रात्रीं बाहेर राहिलेलें कुत्रें बिबट्याच्या तोंडीं जाण्याचें भय खरें आहे. तेव्हां पिलाची जागा घरांतच हवी. सोंवळ्याओंवळ्याचा मुद्दा कोणी काढील, त्यांस इतकेंच सांगतों कीं, दत्तमूर्तीच्या पायांशीं चार श्वान असतात, आणि कुत्र्यास टाकून स्वर्गाच्या रथांत चढण्याचें युधिष्ठिरानें नाकारलें होतें. शिवाय पेटी स्वयंपाकघरापासून दूर ठेवतां येतेच.

बाजारांत तारेचे तयार पिंजरे मिळतात. परंतु दोन महिन्यांच्या पिलाच्या मापाचा पिंजरा थोड्याच महिन्यांत अपुरा पडतो. आणि प्रथमच मोठा घेतला तर निराळी अडचण येते. पिलूं आपली निजण्याची जागा सहसा घाण करीत नाहीं. पण जागा ऐसपैस असली म्हणजे एका कोपऱ्यांत निजतें आणि दुसऱ्यांत घाण करतें. यावर उपाय असा कीं, पेटी एकदांच, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या मापाची करावी, आणि आंत सरकती फळी घालून जागा वयाप्रमाणें वाढवीत न्यावी.

मध्यम बांध्याच्या देशी कुत्र्यास ३६ इंच लांब, २४ इंच रुंद व २८ इंच उंच पेटी सामान्यतः पुरते. मोठ्या जातीचें पिलूं असल्यास त्याच जातीचें वाढलेलें कुत्रें पाहून नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घ्यावें व त्यांत ४ इंच मिळवावे. ८ फूट लांब व ४ फूट रुंद अशा प्लायवुडच्या एका तक्त्यांत तळ, छत, पाठ आणि सरकती फळी हीं चारही निघतात. जाडी १२ मिलिमीटर पुरे. मात्र तक्त्यावर 'आय.एस. ७१०' हा पाण्यास टिकण्याचा शिक्का पाहूनच घ्यावा, नाहीं तर इकडच्या पावसाळी हवेंत तो फुगतो. दोन्हीं बाजू आणि दार मात्र पट्ट्यांचें करावें. बंद भिंतींच्या पेटींत आक्टोबरच्या उकाड्यानें पिलाचा जीव घाबरा होईल. पट्ट्यांमधील फट दीड इंचाहून अधिक नसावी.

गोदींतून आलेल्या मालाचीं खोकीं फोडून पट्ट्या स्वस्त पडतात. त्यांवरही शिक्का असतो. 'एच.टी.' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलें लांकूड, 'एम.बी.' म्हणजे मेथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलें. दांत येतांना पिलूं हातचें सोडून सर्व कांहीं चावतें, त्यामुळें दुसऱ्या प्रकारचें लांकूड घरांत आणूंच नये. रंगही देऊं नये. काचकागदानें कडा गुळगुळीत केल्या कीं झालें. खिळ्यांऐवजीं स्क्रू वापरावे. धक्क्यांनीं खिळा सैल होऊन त्याचें टोंक आंत येतें.

आंतल्या अंगास दारापासून १८, २४ व ३० इंचांवर उभ्या पट्ट्यांच्या जोड्या बसवाव्या, म्हणजे मधल्या खांचेंत फळी वरून उतरवितां येईल. त्यासाठीं छत बिजागऱ्यांवर उघडणारें असावें. पिलास उभें राहतां, वळतां व पाय पसरून निजतां आलें म्हणजे जागा पुरेशी. अंग चोरून निजूं लागलें कीं फळी पुढच्या खांचेंत घालावी.

आतां महत्त्वाची गोष्ट. पहिले कांहीं दिवस दार उघडेंच ठेवून खाणें आंत द्यावें. शिक्षा म्हणून पिलास आंत कोंडूं नये. दिवसां किती वेळ ठेवावें याचा ढोबळ हिशेब असा : वयाच्या महिन्यांत एक मिळवावा, त्याहून अधिक तास पिलास लघवी आवरत नाहीं. म्हणजे तीन महिन्यांचें पिलूं फार तर चार तास. सकाळच्या लोकलनें चर्चगेटास गेलेलें माणूस दिवेलागणीस परततें. तोंवर पिलास पेटींत ठेवणें ही शुद्ध क्रूरता होय. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा जो कायदा १९६० सालीं झाला, त्याच्या ११ व्या कलमान्वयें हालचालीस अपुऱ्या पिंजऱ्यांत प्राणी ठेवणें, तसेंच नेहमीं कोंडलेल्या कुत्र्यास फिरवून न आणणें, हे दोन्हीं गुन्हे आहेत. एकत्र कुटुंबांत निदान ही सोय आहे कीं दुपारीं कोणी तरी घरीं असतें. ज्यांच्या घरीं कोणीच नसतें, त्यांनीं पेटीआधीं माणसाची व्यवस्था करावी, अथवा पिलूं आणूं नये.

पेटीस खालीं दोन इंच उंचीचे पाय ठोकावे, म्हणजे फरशी पुसतांना तळ भिजणार नाहीं. सरकती फळी वर्षभरांत मोकळी होईल. ती पावसाळ्यांत आंथरुणाखालीं घालावी.