चार चाकांचा जोर आणि जमिनीची पकड



पावसाळ्यात चिखलात रुतलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. इंजिन गुरगुरते, एक चाक गरगर फिरून चिखल उडवते आणि त्याच्या जोडीचे, कोरड्या जमिनीवरचे चाक मात्र जागचे हलत नाही. बघ्यांपैकी कोणी म्हणतो, "चारही चाकांना जोर देणारी गाडी असती तर ही वेळ आली नसती. तशा गाडीला पावसाची भीतीच नाही!" यातले पहिले वाक्य बरेचसे खरे आहे. दुसरे मात्र धोक्याचे आहे. ते का, हे आपण पाहू.

कवायतीत चौघांची रांग वळताना आठवा. आतल्या बाजूचा मुलगा जवळजवळ जागीच पावले टाकतो आणि बाहेरच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात. मोटार वळते तेव्हा चाकांचेही असेच होते. बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापायचे असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसवली तर एकाला घासत जावे लागेल. म्हणून दोहोंच्या मध्ये दंतचक्रांची एक जुळणी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. तिच्यामुळे एक चाक मंद व दुसरे जलद फिरू शकते.

पण ही मोकळीक फुकट मिळत नाही. एक काठी मधोमध धरून पुढे ढकला. तिच्या दोन टोकांशी दोन मित्र उभे करा. दोघांनीही रेटून धरले तर दोघांवर सारखाच दाब येतो. आता एकाला बाजूला होऊ द्या. काठीचे ते टोक सहज पुढे जाते आणि दुसऱ्या मित्रावरचा दाबही नाहीसा होतो. डिफरन्शियलचे काम असेच चालते. ते दोन्ही चाकांना फिरवणारा जोर, म्हणजे अभियंते ज्याला टॉर्क म्हणतात तो, सारखाच देते. चिखलातल्या चाकाला विरोधच नाही, म्हणून त्याला जोर थोडा लागतो. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच थोडा मिळतो. गाडी अडते ती यामुळे.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला यावरचा उपाय ठाऊक असतो. तो डिफरन्शियल लॉक लावतो. आता दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात आणि ज्याला पकड आहे ते चाक हवा तेवढा जोर घेते. म्हणजे नियम असा झाला: डिफरन्शियल मोकळे असेल तर जोराची वाटणी ठरलेली आणि वेग मोकळे, लॉक लावले तर वेग ठरलेले आणि जोराची वाटणी मोकळी. दोन्ही गोष्टी एकदम ठरवता येत नाहीत. एवढे समजले की या विषयातले अर्धे अधिक समजले.

वळताना पुढची चाके मागच्यांहून अधिक अंतर कापतात. म्हणून चारही चाके कायम इंजिनाला जोडायची तर पुढच्या आणि मागच्या जोडीच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल हवे. ही वाटणी समसमानच असावी असे नाही. एका चक्राच्या आत दुसरे चक्र ठेवा आणि दोहोंच्या मध्ये लहान दंतचक्रे बसवा. लहान चक्रे आत-बाहेर सारख्याच बळाने रेटतात. पण बाहेरच्या चक्राची त्रिज्या मोठी, म्हणून त्याला टॉर्क अधिक मिळतो. लांब पान्याने नट सहज सुटतो, त्याचेच हे तत्त्व.

या कामात हॅरी फर्ग्युसन यांचे नाव घ्यायलाच हवे. ट्रॅक्टरवर तुम्ही वाचलेले फर्ग्युसन ते हेच. मोटारींना चारही चाकांनी चालवण्याच्या संशोधनाला त्यांनी चालना दिली. १९६० साली ते वारले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील औल्टन पार्क येथे ओलसर धावपट्टीवर स्टर्लिंग मॉस यांनी फर्ग्युसन पी-९९ या चारचाकी जोराच्या मोटारीने शर्यत जिंकली. १९६६ मध्ये याच पद्धतीची जेन्सन एफएफ ही मोटार आली. तिच्यात पुढच्या चाकांना ३७ टक्के आणि मागच्यांना ६३ टक्के टॉर्क मिळे.

मला महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट. जेन्सन एफएफमध्ये ब्रेक लावल्यावर चाके जखडू नयेत यासाठी वेगळे यंत्रही बसवलेले होते. चालण्याची सोय केली म्हणजे थांबण्याची आपोआप होत नाही, हे तिच्या अभियंत्यांनी ओळखले होते.

आता वही-पेन्सिल घ्या. गाडीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम, वजन सुमारे १२००० न्यूटन. ते चारही चाकांवर सारखे पडते असे समजा. ओल्या, निसरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.३ धरा. दोनच चाकांना जोर असेल तर गाडी पुढे लोटणारे बळ जास्तीत जास्त १८०० न्यूटन. चारही चाकांना असेल तर ३६०० न्यूटन, म्हणजे दुप्पट! पण ब्रेक तर दोन्ही गाड्यांत चारही चाकांना असतात. म्हणून थांबवणारे बळ दोहोंना ३६०० न्यूटनच. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन्ही गाड्यांना थांबायला साडेसदतीस मीटर लागतील. वेग ७२ केला तर सुमारे ६७ मीटर.

कोणी म्हणेल, "आजच्या गाड्यांत संगणक आहे. कोणते चाक घसरते ते ओळखून तो क्षणार्धात जोराची वाटणी बदलतो." हे खरे आहे आणि ते यंत्र कौतुकास्पदही आहे. पण संगणक असलेल्या पकडीचीच वाटणी करू शकतो. रस्त्याने दिली नाही ती पकड तो आणणार कोठून?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की चारचाकी जोराची गाडी चिखलातून काढण्यासाठी, चढ चढण्यासाठी जरूर असावी. पण तिला सुरक्षिततेचा ताईत समजू नये. उलट अशी गाडी निसरड्यावरही सहज वेग घेते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. कळते ते घाटात, समोर वळण आल्यावर. तेव्हा उशीर झालेला असतो.

शिक्षकांनाही एक विनंती. घर्षणाचा धडा ठोकळा आणि स्प्रिंगकाट्यावर संपवू नका. मुलांना एकदा ओळखीच्या गॅरेजमध्ये न्या. इंजिन बंद ठेवून, मागच्या चाकांना जोर असलेली गाडी गिअरमध्ये टाकून, मागची बाजू भक्कम आधारावर उचललेली असताना मेकॅनिकला एक मागचे चाक हाताने फिरवायला सांगा. दुसरे चाक उलट दिशेला फिरेल. ते का, हे मुलांना शोधू द्या.

आणि मित्रहो, घरची गाडी पावसात घाटात निघाली, की चालवणाऱ्याला हे ३६०० न्यूटनचे गणित जरूर सांगा.