फणा नसलेल्याचे हाल

वऱ्हाडी माणसाला 'वाळा' म्हटले की गार वाटते. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाकडे सरकला की खिडकीला वाळ्याची ताटी आणि माठात वाळ्याची जुडी हवीच. पण पाऊस पडून त्याच नावाचा वीतभर साप न्हाणीत निघाला, की तोच माणूस पायातली चप्पल हातात घेतो.

परवा अमरावतीला आमच्याकडे असाच एक निघाला. बुटाच्या नाडीएवढा, काळा, चकचकीत. सौ.ने स्टुलावर चढून हाक मारली. शेजारचे काका लुंगी सावरत धावले, "मारा नं बाप्पा! थे कानात घुसते!"

आता, आमच्या घरात गेल्या वीस वर्षांत कोणाचा शब्द कोणाच्या कानात शिरलेला नाही. तिथे साप काय शिरणार?

या वाळ्याची बाजू कोणी ऐकतच नाही. त्याला विष नाही. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन ठिपके. उजेड-अंधार तेवढा कळतो, मारणाऱ्याचे तोंड दिसत नाही. तोंड इतके लहान की माणसाला चावू म्हटले तरी जमायचे नाही. शेपटीला बारीक काटा असतो, तो धरणाऱ्याला टोचतो. प्रतिकार काय तो एवढाच. खातो काय, तर मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-पिल्ले. दोदँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1803 साली त्याला शास्त्रीय नाव दिले, तेही विशाखापट्टणच्या नमुन्यावरून. पुढे कुंड्यांच्या मातीतून तो पार हवाई बेटांपर्यंत पोचला. एकटा पोचला तरी पुरते, कारण यांच्यात सगळ्या माद्याच; नराशिवाय अंडी घालतात. म्हणजे 'मेला, मेला' म्हणून आपण जिला झोडपतो, ती बाईमाणूस असते!

आणि नागपंचमीला? फणा काढलेल्या नागाच्या चित्रापुढे दूध-लाह्या. ज्याच्या दंशाने माणूस मरतो त्याला नमस्कार, ज्याला चावता येत नाही त्याला चप्पल. ही भीती नव्हे, हा हिशेब आहे. बँकेच्या काउंटरमागे बसून मी तो रोज पाहतो : पाच हजार थकवणाऱ्याला नोटीस, पाच कोटी थकवणाऱ्याला साहेबांच्या केबिनमध्ये चहा.

"पण ओळखायचा कसा?" असे विचाराल. शंका आली तर हात लावू नका. लांब उभे राहून सर्पमित्राला बोलवा. पण चप्पल उचलताना कोणाला शंका येते? तिथे सगळेच तज्ज्ञ.

मीही होतो. पंधरा वर्षांपूर्वी अकोल्याच्या भाड्याच्या घरात असाच एक मारून मी वाड्यात शूर ठरलो होतो. त्याच घरात पुढे वाळवीने ट्रंकेतली माझी बी.कॉम.ची गुणपत्रिका खाल्ली. वसुली कोणाकडे करणार? वसुलीचा माणूस मीच मारला होता.

म्हणून यंदा खात्री करून घेतली, त्याला सुपलीत घेतले आणि कढीपत्त्याच्या कुंडीत सोडले. तो दोन क्षणांत मातीत दिसेनासा झाला. काका मान हलवत म्हणाले, "रात्री कानात कापूस घालून झोपजा, भाऊ."

घातला. कढीपत्ता आता कोण तोडणार, यावर सौ. रात्री बारापर्यंत बोलत होती.